राग उतरवायची टाकी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी सात

रात्रभर झोप नाही. ह्यांनी दाराला लाथ घातली, कडी निखळली, म्हणून मी दाराला पाठ लावून बसले आणि दिशाला मांडीवर घेतलं. दार उघडं टाकून झोपणार कोण? हे मात्र घोरत होते. कडी तशी जुनीच होती. जोरात ढकललं असतं तरी निघाली असती.

आजपासून लिहायचं. सातवीपर्यंत शिकलेय, अक्षर बरं आहे. ह्यांना राग कशाने आला ते रोज लिहायचं. कारण सापडलं की ते काढून टाकायचं. कारण गेलं की राग गेला. एवढं सोपं आहे, आणि मला पाच वर्षं सुचलं नाही.

कालचं कारण: दार उघडायला उशीर केला. दिशाला शी ला बसवलं होतं.
उपाय: हे यायच्या टायमाला दिशाला बसवायचं नाही. चार वर्षांची आहे, शिकेल.

सुबोधदादाला काही सांगायचं नाही. मुलुंडला रिक्षा चालवतो. कळलं तर रिक्षा घेऊन सरळ साकीनाक्याला येईल आणि ह्यांचे हातपाय तोडेल. मग पोलीस, मग कोर्ट. सहा डिसेंबरला दादरला दादा-वहिनी भेटतीलच, दरवर्षी भेटतात. तोपर्यंत सगळं लाईनीवर येतंय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आयडिया सापडली!

दिशाला खोकला म्हणून दवाखान्यात गेलो. तिथे माशांची टाकी. हे तिच्यासमोर बसले ते बसलेच. एक म्हातारा ह्यांच्या पायावर पाय देऊन गेला. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर हे माशाकडे बघून हसत होते. घड्याळ लावून बघितलं, पंचवीस मिनिटं. घरी सलग पंचवीस मिनिटं शांत म्हणजे झोपेतच.

केसपेपरवाली बाई बोलली, मासे बघितले की बीपी उतरतं. बीपी उतरतं तर राग का नाही उतरणार?

घरी टाकी आणायची. ठरलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

विषय काढला. जेवण झाल्यावर काढला, उपाशीपोटी नाही, एवढं मला कळतं.

पहिलं ताट भिंतीला लागलं. स्टीलचं आहे, पोचा आला फक्त. मग हे स्वतःच बोलले, मढच्या बंगल्यात आपण सेट लावतोय ना, तिथला मालक समुद्राच्या पाण्याची टाकी काढून टाकतोय, जो उचलून नेईल त्याची. हे शूटिंगच्या सेटवर सुतार आहेत. हात सोन्याचा आहे, सगळे बोलतात.

मी बोलले, साधे मासे पण चालतील, गोड्या पाण्यातले. हे बोलले, ते कोणाकडे पण असतात, आपल्याकडे समुद्र पाहिजे. मी बोलले, समुद्र तर समुद्र.

ताटाचं कारण: मी "ऐका ना" असं बोलले. ह्यांना ते आवडत नाही.
उपाय: ऐका ना बोलायचं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

टाकी आली. टेम्पोतून, चार माणसांनी दोन जिने चढवली. चार फूट लांब. आमची खोली दहा बाय बारा.

कुठे ठेवायची? मी आणि दिशा झोपतो ती जागा बरोब्बर चार फूट निघाली. आता आम्ही दोघी ओट्याखाली, सिलेंडरच्या शेजारी. तिथे लादी थंड लागते. बरंच झालं.

खालचं टेबल ह्यांनी स्वतः बनवलं. काल दिवसभर रंधा मारत होते, तोंडाने शीळ. कडा हाताने घासून गुळगुळीत केल्या, दिशाला लागू नये म्हणून. तिला उचलून बोलले, बघ बाळा, इथे आपला समुद्र येणार. असा माणूस वाईट असतो का?

शेजारच्या वनमालाकाकी बघायला आल्या. कुडाळच्या आहेत. बोलल्या, ह्या काय गो हाडलंस घरात? कालवणाची सोय झाली म्हणायची. मी बोलले, काकी, ह्यात बघायचे मासे येणार आहेत. त्या बोलल्या, बघान पोट भरता काय?

९ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारचं लिहायचं राहिलं होतं, ते आधी लिहिते. ह्यांनी गळा धरला होता. थोडाच. कारण: टेबलाचं माप घेताना मी टेपचं टोक सोडलं. उपाय: टोक धरून ठेवायचं.

आज पाणी भरलं. नळाचं चालत नाही, त्यात औषध असतं. काकींच्या फिल्टरचं आणलं, बावीस कॅन, मीच वाहिले. मग टाकीबरोबर आलेल्या बादलीतलं समुद्राचं मीठ कालवलं. मीठ मोजायला प्लास्टिकची छोटी डबी आहे, आत काटा. काटा पंचवीसवर पाहिजे. तीस झालं की मासा धोक्यात, कमी झालं तरी धोक्यात. आणि पाणी सव्वीस डिग्री. त्याला हीटर आहे, त्याचा तो सांभाळतो.

हे बोलले, दर्शने, मीठ तुझ्याकडे. रोज बघायचं. मी बोलले, स्वयंपाक करणाऱ्या बाईला मीठ काय शिकवता! काटा बघितलाच, वर बोट बुडवून चव पण घेतली. चव लक्षात ठेवली.

दुपारी दादाचा फोन. कशी आहेस? झकास. आवाज का बसलाय गं? मीठ चाखलं म्हणून, मी बोलले. खोटं नाही. चाखलंच होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कुर्ल्याचा मासेवाला दुकानदार बोलला, महिनाभर मासा टाकू नका, टाकी पिकू द्या. हे त्याला बोलले, मी सुतार आहे, मला कच्चं-पक्कं शिकवू नको.

त्याने विकतचे दगड सांगितले होते. विकत कशाला, मढला किनाऱ्यावर कमी पडलेत काय? ओहोटीला ह्यांनी छिन्नी-हातोडी घेऊन दगड फोडले आणि ओलं पोतं भरून आणले. एक कोळीण तिथे ओरडली म्हणे, दगडात काय काय राहतं ठाव हाय का तुला, ठेव ते खाली. हे तिला काय बोलले ते मी इथे लिहीत नाही.

दगड छान दिसतात. बंगल्याच्या मालकाने एक जिवंत कोरल पण दिलं होतं, गुलाबी, फुलासारखं उघडतं. दिशा त्याला भाजी बोलते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मासे आले. दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि एक छोटा निळा. निळा एवढा निळा आहे की बघतच बसावं.

हे बावन्न मिनिटं बसले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चार दिवस काही नाही!! कारणाच्या जागी शून्य. शून्य. शून्य. शून्य.

ही गोष्ट सगळ्या बायकांना सांगायला पाहिजे. सरकारने रेशनवर टाकी द्यायला पाहिजे. काकींना बोलले तर त्या बोलल्या, चार दिस तर अमुशेचो चंद्र पण दिसत नाय गो, म्हणान काय तो गेलो? मला काय समजलं नाही. काकींना चांगलं बघवत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

निळा दोघा नारिंगींना मारतो. दिवसभर मागे लागतो. एकाची शेपटी कुरतडली, अर्धी राहिली आहे. ते दोघे कोपऱ्यात, पंपाच्या मागे, तिथून हलतच नाहीत. खायला टाकलं तर निळा आधी खातो, मग त्या दोघांना हाकलतो.

मी खूप विचार केला. निळा मुळात चांगला आहे. जागा कमी आहे म्हणून चिडतो. एवढ्या मोठ्या समुद्रातून चार फुटात आणला, कोणाचं पण डोकं फिरेल.

काकींना हे सांगितलं. त्यांनी हातातली मूठभर कोथिंबीर खाली ठेवली. मग बोलल्या, मगे तुझ्या घोवाक खंयची जागा कमी पडता गो?

मी दूध उतू जातंय बोलून घरात आले. दूध नव्हतं.

संध्याकाळी दंडावर एक. कारण: शेपटी माझ्यामुळे. कसं ते ह्यांनी सांगितलं, मला नीट समजलं नाही. उपाय: नंतर लिहीन.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस दगडातून आवाज येत होता. टक. टक. बोटाने काचेवर टिचकी मारावी तसा. आज सकाळी अख्ख्या शेपटीचा नारिंगी अर्धाच मिळाला. डोक्याकडचा अर्धा. शेपटी कुरतडलेला जिवंत आहे.

हे बोलले, तू काय केलंस? मी बोलले, दगडात काहीतरी आहे. ह्यांनी टाकीत हात घालून सगळ्यात मोठा दगड काढला, लादीवर ठेवला आणि हातोड्याने फोडायला लागले. सगळीकडे पाणी, कपच्या, चिखलाचा वास. दिशा ओट्याखाली सिलेंडरच्या मागे गेली. चौथ्या घावाला दगडातून एक हिरवट प्राणी निघाला. कोळंबीसारखा, पण पुढचे दोन हात मुठीसारखे. ह्यांनी पकडला. त्याने ठोसा मारला. खरंच ठोसा! बोटभर जनावर, पण ह्यांचा अंगठा फुटला, रक्ताची धार लागली.

ह्यांनी त्याला हातोड्याने मारलं. तो मेल्यावर पण मारत होते. मोजलं नाही, पण पुष्कळदा. नंतर लादी पुसताना त्याचं काहीच मिळालं नाही.

मग हातोडा माझ्याकडे आला. कानाजवळून गेला, भिंतीचं प्लॅस्टर पडलं. लागला नाही. हे सुतार आहेत, ह्यांचा खिळा कधी वाकडा जात नाही. म्हणजे मुद्दाम चुकवला. म्हणजे माया आहे.

कारण: दगड. दगड ह्यांनीच आणला होता, पण ते मी लिहीत नाही.
उपाय: दगडातला प्राणी आता नाही. एक कारण कायमचं गेलं!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वाट लागली. काटा चौतीसवर.

असं कसं? मी रोज बघत होते. पाणी रोज बोटभर आटतं, तेवढं मी मिठाचं पाणी कालवून घालत होते. आटलं तेवढं भरलं. मोटरीच्या उबेत काटा हलतो असं मला वाटलं, म्हणून चवीवर भरवसा ठेवला. चव रोज घेतली की रोज तीच लागते, हे मला आत्ता कळलं. भाजी, म्हणजे गुलाबी कोरल, वितळून शेवाळासारखं झालं.

काकी बोलल्या, खुळी काय गो तू? डाळ आटली तर काय घालतंस? पाणी. मीठ परत घालतंस काय? पाणी आटता, मीठ खंय जातला?

खरं आहे. रोज डाळ करते मी. टाकी बघितल्यावर अक्कल कुठे गेली कोण जाणे.

हे आले. काटा बघितला. माझं डोकं धरून टाकीत घातलं आणि बोलले, आता घे चव. दोनदा. समुद्राचं पाणी नाकात गेलं की मेंदूपर्यंत जळतं. तिसऱ्या वेळी डोळा टाकीच्या कडेवर आपटला. टेबलाच्या कडा ह्यांनी घासल्यात, काचेच्या नाही घासल्या.

कारण: मीठ. ह्या वेळी खरंच माझी चूक.

डोळ्याचा हिशोब: निळा चार दिवस, हिरवा तीन, पिवळा चार. अकरा. आज पंचवीस, उद्यापासून मोजलं तर सहा डिसेंबरला पिवळ्याचा शेवटचा दिवस. पावडरमध्ये लपेल. दादाला कळणार नाही. मला ह्याचा अंदाज पक्का आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिशा बालवाडीतून आली, बोलली, बाईंनी विचारलं मम्मीच्या डोळ्याला काय झालं. तू काय सांगितलंस? मासा चावला सांगितलं. हुशार आहे माझी पोर. मी शिकवलं नव्हतं.

रोज थोडं पाणी काढून साधं पाणी घालतेय. एकदम नाही, हळूहळू. पाणी कुठपर्यंत पाहिजे ते कळायला काचेवर माझी टिकली लावली. टिकलीच्या खाली गेलं की फक्त साधं पाणी. काटा एकोणतीस. वाचलेला नारिंगी अजून आहे.

लाथ, एक. कारण: काचेला टिकली का लावली. उपाय: सांगून लावायची.

१ डिसेंबर, सोमवार

आज मन लावून काम केलं. वहीतली सगळी कारणं एका पानावर काढली. एकोणीस निघाली. एकेक बघितलं.

दिशा पाचच्या आधी शी ला जाते. ऐका ना मी बोलत नाही. बिजागरीला तेल घातलं. टेपचं टोक धरते. निळा पिशवीत घालून कुर्ल्याच्या दुकानात परत दिला, ह्यांना विचारून. काटा पंचवीस. पाणी सव्वीस. नारिंगी पंपाच्या मागून बाहेर आला आणि माझ्या हातचं खाल्लं. दिशाने टाळ्या वाजवल्या.

काकी जत्रेसाठी गावाला निघाल्या होत्या, पिशव्या घेऊनच दारात उभ्या. बोलल्या, बघलंस? एकाक भायर काढल्यार दुसऱ्याचा पोट भरता. मी बोलले, काकी, मासा आणि माणूस सारखा नसतो. त्या बोलल्या, नसता. मासो परत तरी घेतत.

एकोणीसच्या एकोणीस कारणं गेली. एक पण उरलं नाही. आता राग यायला जागाच नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

शून्य. काटा पंचवीस. पाणी सव्वीस. सहा तारखेला घालायची पांढरी साडी धुतली.

३ डिसेंबर, बुधवार

पटकन लिहिते.

हे सातला आले. दार पहिल्या थापेला उघडलं. पाणी दिलं. टाकी स्वच्छ, लाईट लावलेली, नारिंगी मधोमध फिरत होता. हे समोर बसले. मी चपात्या लाटत होते आणि मनात बोलत होते, बावन्न मिनिटं, बावन्न मिनिटं.

माशाने पाण्यातून बुडबुडा सोडला. दिशा हसली. एवढंच.

ह्यांनी मागे न बघता उलटा हात मारला. दिशा उडून टेबलाला लागली. ओठ फाटला, खालचा दात हलतोय. ती रडली नाही. सरळ सिलेंडरच्या मागे गेली, जशी रोज जात असेल तशी.

आजपर्यंत तिला हात लावला नव्हता. मी ते लिहिलं पण नव्हतं, लिहायची कधी गरजच वाटली नव्हती.

मी मोबाईल घेतला आणि दादाचा नंबर लावला. पहिल्यांदा. एक रिंग गेली. ह्यांनी मोबाईल हिसकावून टाकीत टाकला. तळाला पडला तरी उजेड होता त्यात. मासा जवळ जाऊन बघून आला. मग उजेड गेला.

मग माझी बारी. लाटणं. डावा हात कोपराखाली हलत नाही. उजव्या हाताने लिहितेय.

४ डिसेंबर, गुरुवार. सकाळी

काटा बघितला. पंचवीस. पाणी सव्वीस. मासा जिवंत, पोटभर खाल्लंय त्याने.

कारण:

अर्धा तास बसले इथे. पान मागे उलटून एकोणीसच्या एकोणीस परत वाचली. कालचं त्यात नाही. काल सगळं बरोबर होतं. काल काहीच चुकलं नव्हतं.

आज हे कामावर जाणार नाहीत बोलले. उद्या पण नाही. सहा तारखेला कुठे जायचं नाही बोलले. दारात स्टूल टाकून बसलेत, मी खाली उतरू नये म्हणून. काकींच्या दाराला कुलूप. दिशाला मात्र बालवाडीत पाठवतायत, घरात तोंड बघवत नाही तिचं, असं बोलले. पडली म्हणून सांग, तिला शिकवलं. ती हो बोलली.

ही वही मी तिच्या दप्तरात डब्याच्या खाली ठेवतेय. हे दप्तर उघडत नाहीत. बालवाडीच्या रत्नप्रभाबाई डबा काढायला रोज हात घालतात.

बाई, ती पडली नाही. मासा पण चावला नव्हता. एकोणीस कारणं लिहिलीत ती वाचू नका, ती सगळी खोटी आहेत, मीच बनवली. दुपारी दिशाला ह्यांच्या हातात देऊ नका.

आणि बाईंच्या हाती नाही लागली तर ज्या कोणाला लागेल त्यांनी, फोन लावा. सुबोध, मुलुंडला रिक्षा चालवतो. नंबर मला पाठ आहे, मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय. मी बरी आहे का असं तो आधी विचारेल, रोज तेच विचारतो. हो बोलू नका. एवढंच सांगा की दर्शना बोलली, ये. माझ्या भावाला फोन करा.